तुम्ही विचारलंत म्हणून: हाबरला नोबेल कसं काय?

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, आणि अमोनियाचा चॅप्टर आला की कुणीतरी विचारतंच, मॅडम, पहिल्या महायुद्धात विषारी गॅस सोडला तोच हा फ्रिट्झ हाबर ना, मग त्याला नोबेल कसं काय दिलं? हल्ली तर पालकही विचारतात.

तर ते नोबेल गॅससाठी नव्हतं, हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया बनवल्याबद्दल होतं. आणि हे काम खरंच लई मोठं आहे, शिरोळ-कागलकडच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही, घरचा ऊस युरियावरच वाढलेला असतो. युरियात 46 टक्के नायट्रोजन, तो सगळा अमोनियातून आलेला. हवेत नायट्रोजन 78 टक्के आहे पण उसाला तो तसाच घेता येत नाही, त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवायला लोखंडाचा कॅटॅलिस्ट, साडेचारशे डिग्रीच्या आसपास तापमान आणि हवेच्या 200 पट दाब लागतो. कारखान्यात हे जमवलं कार्ल बॉशने, 1913 ला, जर्मनीत ओप्पाऊला.

पण "शोध चांगला होता, नंतर गैरवापर झाला" असं आपण पटकन म्हणून टाकतो ना, ते मला इथे पटत नाही. आधी खतासाठी आणि स्फोटकांसाठी लागणारं नायट्रेट दोन्हीकडे चिलीतूनच यायचं. युद्धात ब्रिटिश नौदलाने समुद्र अडवला, चिलीचा माल बंद झाला, आणि ओप्पाऊचा अमोनिया नायट्रिक ॲसिड होऊन तोफगोळ्यांकडे गेला. तोच कारखाना, तोच अमोनिया, कारखाना सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

गॅसचं मात्र वेगळं आहे आणि पोरं इथेच गल्लत करतात. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ सोडला तो क्लोरीन, अमोनियाचा त्याच्याशी संबंध नाही. पुरानंतर आपल्याकडे गावोगाव पाण्यात टाकतात ना ती टीसीएल पावडर, ती पाणी शुद्ध करते ते क्लोरीनमुळेच. तिकडे दीडशे टनांच्या आसपास क्लोरीन सिलिंडर उघडून वाऱ्यावर सोडला, आणि हाबर स्वतः फ्रंटवर जाऊन या कामावर देखरेख करत होता. यात रसायनाचा काय दोष, हे त्याने ठरवून केलं.

मग नोबेल? अमोनियाला ते मिळायलाच हवं होतं. पण 1918 चं ते बक्षीस जाहीर केलं 1919 च्या नोव्हेंबरात, युद्ध थांबून जेमतेम वर्ष झालं असताना, गॅसने फुफ्फुसं गेलेली माणसं घरोघरी खोकत असताना. ही घाई मला आजही खटकते.

"तेव्हा सगळेच देशासाठी करत होते" असंही कुणीतरी म्हणतं. सगळे नव्हते. मॅक्स बॉर्न या फिजिक्सच्या शास्त्रज्ञाला हाबरने याच गॅसच्या कामाला बोलावलं होतं, तो सरळ नाही म्हणाला, तोही जर्मनच, त्याच युद्धातला. पुढे नाझींमुळे त्याला देश सोडावा लागला आणि 1935-36 मध्ये तो काही महिने आपल्या बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होता. सिलॅबसमध्ये नाही, तरी हाबर शिकवते त्याच तासाला मी बॉर्नचंही सांगते.