३५ गोल आणि दुसरा नंबर

२०२३-२४ चा सौदी फुटबॉल लीगचा सीझन संपला, तेव्हा एका रात्री सांगलीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल, अंगात रोनाल्डोच्या अल नासरचा पिवळा टीशर्ट. "मामा, रोनाल्डोचे ३५ गोल! रेकॉर्ड! मग कप आपलाच ना?"

आपलाच म्हणे.

म्हटलं नाही रे, लीग अल हिलालने कधीच मारली, ३४ मॅचमध्ये ३१ जिंकल्या, ३ ड्रॉ, हरले एकही नाहीत, ९६ पॉइंट. तुझे ८२ वर, दुसरे.

पोरगं गप्प. मग म्हणतं, "हिलालमध्ये कोण आहे? नेमार ना?"

आता काय सांगू, नेमार तर ऑक्टोबरमध्येच गुडघा धरून बसला तो बसलाच. गोल मित्रोविचने केले, २८, अडवायला मागे बोनो आणि कुलिबाली. ही नावं त्याला माहीतच नाहीत, आणि खरं सांगू तर रियाधला यायच्या आधी मलाही कुठे माहीत होती.

इथे ऑफिसातला सौदी दोस्त पक्का हिलालवाला, त्याला हे सांगितलं तर खजूर पुढे करत हसला नुसता. म्हणे, "तुमच्याकडे टीशर्ट कुणाचा विकला जातो?"

सांगलीत हिलालचा निळा टीशर्ट मिळेल का हो कुठे? भाच्याच्या मापाचा.