तुम्ही विचारलंत म्हणून : पंखा कुठल्या बाजूने फिरतो हे बघतो कोण?

दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडीच्या एका जुन्या संगणकीय खेळात मी गेल्या हिवाळ्यात जहाजांच्या प्रोपेलरचे फिरणे दुरुस्त केले, हे ज्यांना ठाऊक आहे ते भेटल्यावर हमखास एकच प्रश्न विचारतात. माझ्या भाच्याने तो सर्वांत स्पष्ट शब्दांत विचारला : “मामा, पेरिस्कोपमधून प्रोपेलर दिसत नाही. मग तो कसाही फिरला तर बिघडलं कुठे?”

त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. माल भरलेल्या जहाजाचा प्रोपेलर पूर्णपणे पाण्याखाली असतो आणि पेरिस्कोपला लावलेल्या डोळ्याला तो दिसण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु रिकामे जहाज पाण्यावर उंच तरंगते, तेव्हा वरची पाती पाण्याबाहेर येतात. मी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये बरीच वर्षे काढली आहेत. पावसाळ्यात रिकाम्या जहाजाने अरबी समुद्र ओलांडताना मागचा भाग लाटेवर उचलला गेला, की प्रोपेलरवरचा भार एकदम हलका होऊन इंजिन कसे पळू लागते आणि तळव्यांखालची लोखंडी जाळी कशी थरथरते, हे मी विसरू शकत नाही. खेळात जहाजाभोवती फिरवता येणारा बाहेरचा कॅमेराही आहे. एका संध्याकाळी मी तो सहज एका मालवाहू जहाजामागे नेला आणि पुढचे तीन महिने त्यातच गेले.

ते जहाज 8 नॉट वेगाने चालले होते आणि त्याचा प्रोपेलर टेबलफॅनसारखा गरगरत होता. पडद्याचे चित्रण करून ते सावकाश चालवून मी फेरे मोजले, तेव्हा ते मिनिटाला 300 च्या आसपास भरले. प्रोपेलर म्हणजे पाण्यात फिरणारे मळसूत्रच. एका फेऱ्यात तो जहाजाला ठरावीक अंतर पुढे नेतो. 8 नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे 247 मीटर. त्याला 300 ने भागले तर एका फेऱ्यात जहाज जेमतेम 82 सेंटिमीटर सरकते. पुरुषभर लांबीची पाती असलेल्या अवाढव्य पंख्याने एवढेसेच पुढे जायचे, तर त्याचे आटे घड्याळजीच्या स्क्रूइतके बारीक असायला हवेत.

ताळ्यासाठी मी लिबर्टी नावाचे मालवाहू जहाज घेतले. 1941 ते 1945 या काळात अमेरिकेने या एकाच नमुन्याची 2,710 जहाजे बांधली, त्यामुळे अटलांटिक महासागरातील कोणत्याही ताफ्यात ते भेटतेच. त्याला 2,500 अश्वशक्तीचे त्रिप्रसरण, म्हणजे तीच वाफ तीन टप्प्यांत वापरणारे, इंजिन होते. ते मिनिटाला 76 फेरे फिरे आणि जहाज 11 नॉट जाई. येथे एका फेऱ्याला सुमारे साडेचार मीटर पडतात, आणि चार पात्यांच्या साडेपाच मीटर व्यासाच्या प्रोपेलरला ते शोभते. वेग निम्मा झाला की फेरेही जवळजवळ निम्मे होतात. खेळात मात्र जहाज कोणतेही असो, वेग कितीही असो, फेऱ्यांचा आकडा एकच होता. थांबलेल्या जहाजाचा प्रोपेलर फिरत होता आणि मागे जाणाऱ्याचाही पुढेच ढकलण्याच्या दिशेने फिरत होता.

“बिघडलं कुठे” याचे उत्तर येथे आहे. पाणबुडीवर पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर बसलेला खलाशी प्रोपेलरचे ठोके मोजून जहाजाच्या वेगाचा अंदाज बांधत असे आणि टॉर्पेडोचा नेम लक्ष्याच्या वेगावर अवलंबून असे. खेळातही हे ठोके ऐकू येतात, आणि ते चांगले, संथ, जड असे ध्वनिमुद्रित केलेले आहेत. म्हणजे कान एक सांगत होते आणि डोळे दुसरेच. ज्या खेळाची सगळी गंमत तुटपुंज्या पुराव्यावरून अंदाज बांधण्यात आहे, त्याने पुराव्यातच खोट ठेवावी हे मला पटले नाही.

फेऱ्यांचे प्रमाण प्रत्येक जहाजाच्या फाईलमध्ये भरणे कंटाळवाणे होते, अवघड नव्हते. खरी फजिती दिशेने केली. एकच प्रोपेलर असलेल्या जहाजावर तो बहुधा उजवा असतो, म्हणजे मागून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरून जहाज पुढे नेतो. दोन असतील तर ते एकमेकांविरुद्ध फिरवतात, म्हणजे त्यांचे बाजूला ढकलणारे जोर परस्परांना मारतात. सर्वसाधारणपणे दोन्हींची वरची पाती बाहेरच्या अंगाला जातात. खेळात दोन्ही एकाच दिशेने फिरत होते. मी डाव्याच्या आकड्यापुढे उणे चिन्ह टाकले आणि समाधानाने झोपलो. सकाळी जवळून पाहतो तो डाव्या बाजूलाही उजव्याच पिळाची पाती बसवलेली! उलट फिरवून मी तो प्रोपेलर जहाज मागे ओढण्याच्या कामाला लावला होता. ज्याने आयुष्यभर इंजिने चालवली त्याने ही चूक करावी, याची लाज वाटायला हवी होती. पण मला हसूच आले. मग पात्यांची आरशातील प्रतिमा करून बसवली, तेव्हा पृष्ठभाग आतबाहेर उलटले आणि पाती समोरून पोकळ दिसू लागली. तेही सुलटे करावे लागले.

सगळे जुळले असे वाटत असतानाच खेळणाऱ्या एका मित्राने कळवले, की पाणबुडी पूर्ण वेगाने पुढे जाताना तिचे प्रोपेलर उलटे फिरतात. मी तीनदा तपासले; दिशा बरोबर होती. ही पाणबुडी जर्मनीची सातव्या वर्गातील, पृष्ठभागावर 17 नॉटहून अधिक वेगाने जाणारी. तिची डिझेल इंजिने गिअरविना थेट दांड्याला जोडलेली असल्यामुळे पूर्ण वेगात प्रोपेलरही मिनिटाला सुमारे 470 फेरे घेतो. मित्राच्या जुन्या संगणकावर सेकंदाला 30 चित्रे दिसत होती. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत पाते 94 अंश पुढे जाते. पण तीन पाती 120 अंशांवर असतात आणि ती एकसारखीच दिसतात, त्यामुळे डोळ्याला वाटते की मागचेच पाते 26 अंश मागे सरले. चित्रपटात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, तोच हा प्रकार. त्याच्या पडद्यावर 300 फेऱ्यांच्या पुढे हे होणारच होते.

आकडा खोटा करून चित्र खरे दाखवावे, की आकडा खरा ठेवून चित्र खोटे पडू द्यावे, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी 300 च्या वर पाती काढून त्यांच्या जागी पुसट, अर्धपारदर्शक चकती ठेवली. एवढ्या वेगात माणसाच्या डोळ्यालाही पाती वेगळी दिसत नाहीत, म्हणून या तडजोडीत मला अप्रामाणिकपणा वाटला नाही.

टॉर्पेडो लागून इंजिन बंद पडले, तरी पाण्याच्या ओघाने प्रोपेलर काही काळ फिरत राहतो. तेही घातले, पण ते अजून कुणाच्या लक्षात आलेले नाही.

मागच्या रविवारी भाचा आला होता. मी त्याला बाहेरच्या कॅमेऱ्यातून एक रिकामे लिबर्टी जहाज दाखवले आणि वेग सांगितला नाही. त्याने मोबाईलवर वेळ लावून अर्ध्या मिनिटात 36 फेरे मोजले, मिनिटाचे 72 धरून गुणाकार केला आणि म्हणाला, “साडेदहा नॉट.” मी वेग साडेदहाच ठेवला होता. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि मग विचारले, “पण मागून येणाऱ्या विनाशिकेचे दोन्ही प्रोपेलर अजून एकाच बाजूला फिरतायत ना?”

विनाशिका अजून व्हायच्या आहेत.