ड्युनेडिनला लोक अल्बाट्रॉस बघायला जातात

न्यूझीलंडमधल्या या गावी मी गेले एका बँडसाठी. हे मामेभावाला पटवण्यात क्राइस्टचर्च ते टिमारू एवढा रस्ता संपला. गाडी त्याची, रजा त्याची, त्यामुळे त्याचं ऐकून घेणं भाग होतं. "ताई, आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी हे नाव ऐकलेलं नाही. त्या बँडसाठी ३६० किलोमीटर, तेही जुलैत, ऐन हिवाळ्यात?" त्याच्या लेखी ड्युनेडिन म्हणजे युनिव्हर्सिटी ओव्हल, क्रिकेटचं. ते मैदानही आम्ही बघितलं. हिरवं होतं, ओलं होतं, लगेच निघालो.

बँडचं नाव द चिल्स. मार्टिन फिलिप्स नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं तो १९८० मध्ये ड्युनेडिनमध्ये काढला. तिथपासून २८ जुलै २०२४ ला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तो त्याच गावात वारला तोपर्यंत चिल्स म्हणजे मार्टिन फिलिप्स आणि त्या त्या वेळी त्याच्यासोबत असलेली माणसं. आली-गेली धरून वीसच्या वर. इतके वादक बदलले की लोक सरळ 'चिल्सचा शाप' म्हणू लागले. हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो. त्याच्याकडे येतेच.

वाटेत मोएराकीचे ते गोल गरगरीत दगड बघितले. समुद्रकिनारी, भरपूर फोटो, भरपूर वारा. पुढे.

उतरलो होतो एका जुन्या लाकडी घरात. जाहिरातीतल्या फोटोत रंगीत काचा, उंच छत, नक्षीदार फायरप्लेस. प्रत्यक्षात फायरप्लेस शोभेची, तिच्यात सुकी फुलं ठेवलेली, आणि खोलीत जी काही ऊब निर्माण होई ती त्या उंच छताला जाऊन बसे. खिडकीच्या काचेला आतून पाणी सुटलेलं, ओघळून चौकटीवर साचत होतं. तिथं मालकीणबाईंनी पंचाची घडी ठेवलेली आणि शेजारी चिठ्ठी, सकाळी उठल्यावर काचा पुसून घ्याव्यात. म्हणजे पैसे मोजून राहायचं आणि वर काचा पुसायच्या! गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट होतं. ते लावलं की पाठ भाजायची आणि नाक गोठलेलंच. बोलताना तोंडातून वाफ येत होती, घरात बसून. भाऊ निवांत. म्हणाला, "इथली जुनी घरं अशीच. नव्या घरांना इन्सुलेशन सक्तीचं झालं १९७८ पासून. हे घर शंभर वर्षांचं असेल."

बाहेर पाचच्या सुमारास काळोख. करायला काही नाही. मग मी टोपी घातली, टोपीवर हेडफोन चढवले, दोन पांघरुणं घेतली आणि 'पिंक फ्रॉस्ट' लावलं.

हे गाणं मी घरी कितीदा तरी ऐकलंय. सुरुवातीला गिटार छान उजळ, हसऱ्या चालीत वाजते, वाटतं आता एखादं हलकंफुलकं गाणं येणार. काही सेकंदांत ती चाल पायाखालून काढून घेतल्यासारखी जाते आणि खाली खाली उतरणारी, ओलसर प्रतिध्वनीची दुसरीच गिटार सुरू होते. मग तो मुलगा जवळजवळ पुटपुटल्यासारखा गातो. आपली मैत्रीण मेली आहे हे जागेपणी लक्षात आलेल्या माणसाचं गाणं. समीक्षक याला 'ड्युनेडिन साउंड' म्हणतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. त्या खोलीत काचेवरचा ओघळ बघत ऐकताना मला त्यातलं एकही पान आठवलं नाही. एवढंच डोक्यात आलं, की असल्या घरांत, असल्या जुलैत, विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या खोल्यांमध्ये ही पोरं बोटं चोळत सराव करत असतील आणि गिटार सोडली की हात गार पडत असतील, म्हणूनही वाजवत राहिली असतील. सिद्धांत म्हणून हे टिकणार नाही. आमच्या भावानं तर लगेच उडवून लावला: "मग नॉर्वेत सगळेच गिटार वाजवतील."

हे गाणं चिल्सचा ड्रमर मार्टिन बुल याच्या मृत्यूवर आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. गाणं १९८२ मध्येच ध्वनिमुद्रित झालं होतं आणि ड्रम्स बुलचेच आहेत. तो ल्युकेमियानं १९८३ मध्ये गेला, आणि रेकॉर्ड बाहेर आली १९८४ मध्ये. जाण्याआधी बुलनं आपलं लेदर जॅकेट फिलिप्सला दिलं होतं. त्याच्यावरचं गाणं वेगळं, 'आय लव्ह माय लेदर जॅकेट', १९८६ चं. आणि गंमत म्हणजे ते रडकं अजिबात नाही, चांगलं दणदणीत आहे. मित्राच्या मरणावर एवढं धसमुसळं गाणं दुसरं कुणाचं असेल तर मला कळवा.

सकाळी काचा पुसल्या नाहीत.

गावाच्या मधोमध अष्टकोनी चौक आहे, त्याचं नावही ऑक्टॅगनच. तिथं रॉबर्ट बर्न्सचा पुतळा. हे गाव १८४८ मध्ये स्कॉटिश लोकांनी वसवलं, त्यांच्यातला एक पाद्री या कवीचा पुतण्या, म्हणून इथं कधी पाऊलही न टाकलेला बर्न्स चौकात बसलाय. चर्चकडे पाठ, दारूच्या गुत्त्याकडे तोंड, असं गावकरी कौतुकानं सांगतात. पर्यटकांच्या माहितीपत्रकात पेंग्विन, किल्लेवजा बंगला, रेल्वे स्टेशन, जगातला सर्वांत चढाचा रस्ता, सगळं होतं. मी जिच्यासाठी आले होते ती गोष्ट त्या घडीच्या कागदात नव्हती. म्हणून आम्ही आपले प्रिन्सेस स्ट्रीटनं चालत सुटलो. याच रस्त्यावरच्या एम्पायर हॉटेलात ऐंशीच्या दशकात द क्लीन, चिल्स वगैरे मंडळी वाजवायची. लांबरुंद जुना रस्ता, सोनं सापडलं त्या दिवसांतल्या इमारती, खालची बरीच दुकानं रिकामी. मी दरवाजांचे फोटो काढत होते आणि भाऊ कॉफी कुठे मिळेल ते बघत होता.

कॉफीनंतर एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात शिरलो. हीटर! मी तिथून लवकर न निघण्यात हीटरचा वाटा मोठा आहे. खणात 'ड्युनेडिन डबल' सापडली. १९८२, फ्लाइंग नन कंपनी, दोन रेकॉर्ड आणि चार बँड, प्रत्येकाला एकेक बाजू. एक बाजू चिल्सची. कंपनी आदल्याच वर्षी क्राइस्टचर्चला रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या रॉजर शेपर्डनं काढलेली, आणि ही मुद्रणं संगीतकार ख्रिस नॉक्सच्या चार ट्रॅकच्या टीॲक टेपरेकॉर्डरवर झालेली. वेष्टणाच्या कडा उसवलेल्या, कोपऱ्यात कुणीतरी बॉलपेननं आपली आद्याक्षरं घातलेली. किंमत बघितली आणि जपून परत ठेवली.

गल्ल्यावर साठी ओलांडलेले गृहस्थ होते. एम्पायरमध्ये चिल्सना ऐकलंय का, विचारलं. "ऐकलंय. दुसरं होतंच काय तेव्हा?" हे उत्तर मला फार आवडलं. मग त्यांनी मान हलवून तोच शब्द काढला. शाप. पोरगा गुणी, पण बँडला शाप होता.

आणि माझं टाळकं सरकलं. परक्या गावात, परक्या दुकानात, पण सरकलं. कसला शाप? या गावातून लंडनला जायचं म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. तरी ते गेले. १९८७ चा पहिला अल्बम 'ब्रेव्ह वर्ड्‌स' लंडनमध्ये केला, जॉन पीलच्या बीबीसीवरच्या कार्यक्रमासाठी वाजवलं, १९९० चा 'सबमरीन बेल्स' न्यूझीलंडात पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत तो स्लॅश रेकॉर्ड्‌सनं काढला. १९९२ मध्ये 'सॉफ्ट बॉम्ब' आला आणि त्याच वर्षी बँड फुटला. फिलिप्स परत इथंच. मग नैराश्य, नशा, हेपटायटिस सी. बाकीच्यांनाही घरं होती, भाडी होती. इतक्या लांब, इतक्या थोड्या पैशात किती दिवस राहायचं एखाद्यानं? फिलिप्सही स्वभावानं सोपा नव्हता, हे २०१९ च्या माहितीपटात त्याचे जुने साथीदारच तोंडावर सांगतात. पण स्वभावाला शाप म्हणत नाहीत, आणि विमानाच्या तिकिटाला तर नाहीच नाही.

यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. १९९६ चा 'सनबर्न्ट' इंग्लंडमध्ये मुद्रित व्हायचा होता. फिलिप्स आत गेला, त्याच्या साथीदारांना ब्रिटननं प्रवेशच नाकारला. गाणी तयार, स्टुडिओ तयार, माणसं बाहेर. शेवटी एक्सटीसी या इंग्लिश बँडचा डेव्ह ग्रेगरी आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या दुसऱ्या इंग्लिश बँडचा डेव्ह मॅटॅक्स यांना घेऊन अल्बम पुरा केला. दोघे पट्टीचे वादक, अल्बमही ऐकण्यासारखा. पण रेकॉर्डवर नाव 'मार्टिन फिलिप्स अँड द चिल्स', आणि यातले चिल्स कोण?

मला हे लागतं कारण या सहलीच्या व्हिसासाठी मी बँकेची स्टेटमेंटं, भावाचं निमंत्रणपत्र, त्याच्या पगाराच्या पावत्या आणि 'मी परत का येईन' याची कारणं एवढं सगळं अपलोड केलं होतं. त्याआधी युरोपातल्या एका देशानं मला दोन ओळींच्या पत्रात नाही म्हटलेलं आहे, तिकिटं काढून झाल्यावर. इंग्रजी बोलणाऱ्या, तेव्हा ब्रिटनच्याच राणीच्या राज्यातल्या न्यूझीलंडच्या पोरांनाही दारातून परत पाठवलं हे वाचून मला एका बाजूला वाईट वाटलं होतं आणि दुसऱ्या बाजूला, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं होतं. हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही कुठून आलात म्हणालात?" आणि मग हीटर माझ्याकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी भावाच्या हट्टापायी टायारोआ हेडला अल्बाट्रॉस, म्हणजे ते समुद्रपक्षी. मोठे आहेत.

परतीच्या वाटेवर गाडीत माझी गाणी लावायची असा करार होता. 'हेवनली पॉप हिट' ऐकून भाऊ म्हणाला, "गाण्याचं नावच हिट ठेवायचं आणि तू म्हणतेस यांना कुणी ओळखत नाही?" गाणं त्याला बरं वाटलं, पण ऑर्गन जास्त आहे म्हणे. मग मी 'सिल्व्हर बुलेट्स' लावला, २०१५ चा, 'सनबर्न्ट'नंतर १९ वर्षांनी आलेला. तोवर गेली काही वर्षं तेच साथीदार टिकले होते, बहुतेक जण पुढेही टिकले, आणि नव्या औषधानं हेपटायटिसही बरा झाला. त्यानंतर २०१८ आणि २०२१ मध्ये अजून दोन अल्बम. तेव्हा ते शापाचं प्रकरण कुठे गेलं होतं, हे दुकानात विचारायचं राहिलं.

माझ्या मते 'सॉफ्ट बॉम्ब' लांबलेला आहे आणि 'सिल्व्हर बुलेट्स' त्याच्यापेक्षा कितीतरी घट्ट आहे. जुन्या चाहत्यांना हे पटत नाही. नव्यानं ऐकणार असाल तर सुरुवातीच्या गाण्यांचा 'कॅलिडोस्कोप वर्ल्ड' आधी घ्या. आणि जुलैत ड्युनेडिनला जाणार असाल तर उंच छताच्या खोलीला भुलू नका, आधी हीटर आहे का ते विचारा.