तुम्ही विचारलंत म्हणून: ‘वाना’ म्हणजे काय?

सुट्टीत पुण्याला येताना मी टालिनहून, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीतून, एक बाटली आणते. रमपासून केलेली गोड लिक्योर, नाव ‘वाना टालिन’. पहिला घोट घ्यायच्या आधीच कुणीतरी विचारतं, ‘वाना म्हणजे काय गं?’ ‘जुनं’ एवढं सांगून मी आजवर सुटले. तुम्ही मात्र त्याची रूपंही विचारलीत.

आपल्याकडे घर जुनं आणि माणूस म्हातारा. एस्टोनियनमध्ये दोघंही वाना. आजी म्हणजे ‘वानाएमा’, जुनी आई, पणजी ‘वानावानाएमा’. भाषेत लिंगच नाही, त्यामुळे जुना-जुनी-जुनं ही भानगड नाही. मोबदल्यात विभक्त्या 14.

घराला म्हणतात ‘माया’. (हो, खरंच.) ‘जुनं घर आहे’, ‘जुन्या घराचं दार’, ‘जुनं घर शोधतेय’: विभक्त्या तीन, पण तिन्हीकडे मख्खपणे ‘वाना माया’. पुढे मात्र ‘वानास मायास’ म्हणजे जुन्या घरात, ‘वानास्त मायास्त’ म्हणजे जुन्या घरातून. प्रत्यय दोघांनाही, जणू आपण ‘जुन्यात घरात’ म्हणावं. शेवटच्या चार विभक्त्यांत विशेषण हात वर करतं: ‘वाना मायागा’, जुन्या घरासह, ‘वाना मायाता’, जुन्या घराविना. इथे मला माहेरी आल्यासारखं वाटलं. आपलं ‘जुन्या’सुद्धा सगळा भार नामावर टाकून मोकळं होतंच की! अनेकवचनात ‘वानाद मायाद’, आणि अनेक जुनी घरं शोधत असाल तर ‘वानु मायु’. ते मी सरळ पाठ केलं.

पण मला खरा आवडतो तो ‘वानेम’. अर्थ, ‘वयानं अधिक’. याच शब्दाचा दुसरा अर्थ आई किंवा बाप. ‘वानेमाद’ म्हणजे आईवडील. आपला ‘वडील’ वेगळं काय करतो? वडील भाऊ, वडीलधारी मंडळी, आणि बाबाही वडीलच. 1920 च्या घटनेत एस्टोनियाच्या देशप्रमुखाच्या पदाचं नावही ‘रीगिवानेम’ होतं, राज्याचा वडील. हा शब्द मला कुणाला समजावून द्यावा लागला नाही.

वय विचारायचं तर ‘कुई वाना सा ओलेद?’, किती जुनी आहेस तू? शेजारच्या पोरीनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चपापलेच. मग तिनं स्वतःचं सांगितलं: ‘कूस आस्तात वाना’. सहा वर्षं जुनी.