अर्धा गुण

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी चार शब्द लिहून पाठवा, असं पत्र आलं. तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा शाळा बाजूला राहिली आणि कागदावर भूगोलाच्या बाईच आल्या. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. बाईंचं नाव लिहीत नाही. आमच्या मागच्यापुढच्या तुकड्यांना ते सांगायची गरज नाही, आणि बाईंना स्वतःचं नाव छापून आलेलं कधीच आवडलं नाही.

बाई वर्गात यायच्या त्या काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन. उत्तर अमेरिकेचा नकाशा नेमका पंचमहासरोवरांवर फाटलेला होता आणि मागून ब्राऊन पेपर चिकटवल्यामुळे सुपीरिअर सरोवर फुगल्यासारखं दिसायचं. बाई त्या फुगवट्यावर पट्टी टेकवून म्हणायच्या, "इथे लोखंडाचं खनिज बोटीत चढतं. इरी सरोवरापर्यंत बोट, पुढे रेल्वे. आणि पिट्सबर्गला डोंगरातला दगडी कोळसा त्याची वाट बघत बसलाय." मग ॲलेघेनी आणि मोनोंगाहेला या नद्या मिळून ओहायो कशी होते ते. मोनोंगाहेला हे नाव सगळ्या वर्गाने एका सुरात तीनदा म्हणायचं, हा नियम. शेजारच्या वर्गातून तक्रार यायची.

1986 साली मी नववीत होतो. पावसाळ्यात एक दिवस बाईंनी वर्तमानपत्राचं दोन बोटांचं कात्रण आणलं. पिट्सबर्गजवळचा होमस्टेडचा पोलाद कारखाना जुलैमध्ये बंद झाला होता. 1892 साली ज्याच्या नदीकाठावर संपकरी कामगार आणि मालकांनी बार्जमधून आणलेले बंदूकधारी भिडले, तोच हा कारखाना. "पुस्तकात अजून तो चालूच आहे," बाई म्हणाल्या, आणि कात्रण नकाशाच्या कोपऱ्याला टाचणीने लावून टाकलं.

सहामाहीला प्रश्न आला: 'भौगोलिक कारणे लिहा. पिट्सबर्ग येथे लोखंड-पोलाद उद्योग एकवटला आहे.' गुण तीन. मी हुशारी केली. लिहिलं, 'हे विधान चुकीचे आहे. तेथील कारखाना बंद पडला आहे.' पेपर हातात आला तेव्हा समासात लाल शाईत अर्धा गुण, आणि खाली शेरा: 'बातमी बरोबर. कारणे कुठे आहेत?'

मी तावातावाने शिक्षकखोलीत गेलो. बाईंनी वर न बघताच विचारलं, "कोळसा संपला का रे तिथला?"

"नाही बाई."

"नद्या आटल्या?"

"नाही."

"मग सगळी कारणं जागच्या जागी असताना कारखाना कसा गेला? ते शोधून लिहून आण, अडीच गुण देते."

मी काही लिहून नेलं नाही. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, या गडबडीत ते गुण राहूनच गेले.

योगायोग असा, की 1999 साली मी पुढच्या शिक्षणासाठी पिट्सबर्गलाच आलो आणि इथेच राहिलो. प्रवेशअर्ज भरताना इतर विद्यापीठंही होती; पण हे नाव दिसलं आणि नकाशातला तो फुगवटा आठवला. आज मी रुग्णालयांसाठी संगणक प्रणाली करणाऱ्या एका विभागाचा प्रमुख आहे. हाताखाली साठ माणसं आहेत. (हे लिहू नये असं बायको म्हणाली. पण स्मरणिकेत नाही लिहायचं तर कुठे लिहायचं?) या गावाचं पोट आता रुग्णालयांवर आणि विद्यापीठांवर चालतं. यूएस स्टीलच्या चौसष्ट मजली इमारतीच्या माथ्यावर 2008 पासून एका रुग्णालय-समूहाची अक्षरं चमकतात. रोज सकाळी पूल ओलांडताना ती दिसतात आणि पुस्तकातला तो धडा आठवतो.

होमस्टेडच्या जागेवर मी आलो त्याच वर्षी बाजारपेठ उघडली. दुकानं, सिनेमागृह, मोठं वाहनतळ आणि एका कडेला ओळीने उभी बारा धुराडी. मुलाचे बूट आम्ही तिथूनच घ्यायचो. धुराडी कसली, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

नदीच्या पलीकडे मात्र कॅरी अजून उभी आहे. इथल्या झोतभट्ट्यांना बायकांची नावं असत: कॅरी, एलिझा, डोरोथी. 1907 साली बांधलेल्या कॅरीच्या दोन भट्ट्या 1978 पर्यंत चालल्या. त्यांतलं वितळलेलं लोखंड पुलावरून नदीपार होमस्टेडला जायचं. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मान मागे टाकून बघताना टोपी पडली. ब्याण्णव फूट उंच, सगळीकडे गंज, पत्र्यांच्या फटींतून झाडं वर आलेली. मधल्या पडीक काळात काही कलावंतांनी तिथल्याच नळ्या-तारांपासून हरणाचं एक प्रचंड डोकं बांधलं, तेही तिथेच आहे. आम्हाला फिरवणारे आजोबा कधीकाळी पोलाद कारखान्यात कामाला होते. भट्टी फोडून लोखंड बाहेर सोडताना कसा आवाज व्हायचा, हे ते तोंडाने करून दाखवत होते.

तिथून घरी आलो आणि त्याच रात्री उत्तर लिहिलं. 1959 चा एकशे सोळा दिवसांचा संप, त्या काळात बाहेरच्या पोलादाला सापडलेली वाट. उघड्या भट्टीला एका घाण्याला सात-आठ तास लागत. जपानने उभारलेल्या ऑक्सिजनच्या भट्ट्यांना पाऊण तास पुरे. इथे जुन्या भट्ट्याच रेटल्या. वीज वापरून भंगार वितळवणारे छोटे कारखाने आले, त्यांना ना कोळसा हवा ना खनिज. आणि 1982 साली यूएस स्टीलने अब्जावधी डॉलर मोजून घेतली ती एक तेल कंपनी! म्हणजे कोळसा डोंगरातच राहिला, फक्त त्याच्याशेजारी बसायचं कारण कोणाला उरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आलो तेव्हा शाळेत डोकावलो. भूगोलाच्या खोलीत आता संगणक आहेत. नकाशे कुठे गेले, कोणालाच सांगता आलं नाही. शिपाई म्हणाला, हवा तो नकाशा पडद्यावर येतो की. येत असेल.

तिथून बाईंच्या घरी गेलो. नजर अधू झाली आहे, म्हणून उत्तर वाचून दाखवलं. बाईंनी मध्ये एकदाच थांबवलं. "माणसांचं काय झालं, ते नाही लिहिलंस." मी सांगितलं, 1950 साली शहरात पावणेसात लाख माणसं होती, 2020 मध्ये तीन लाख. बाप बेकार झाला आणि मुलं दुसऱ्या राज्यांत गेली. "कारणांमध्ये ते येत नाही बाई, परिणामांमध्ये येतं," मी म्हटलं. बाईंना ते पटलेलं दिसलं नाही. दोन गुण दिले.

निघताना मी म्हटलं, बाई, आपण मोनोंगाहेला म्हणायचो ते चूक. तिकडे मनाँगहीला म्हणतात, आणि बरेचजण तर नुसतं 'मॉन'.

"आळशी आहेत," बाई म्हणाल्या, आणि मला तीनदा म्हणायला लावलं. आपल्याच पद्धतीने.