बत्तीस हजारांची कॅसेट

पैठण गेटजवळच्या माझ्या दुकानात दिवसभर येतात ते सेट टॉप बॉक्स, चार्जर, इन्व्हर्टरचे बोर्ड आणि अधूनमधून एखादा जुना टीव्ही. व्हिडिओ गेम दुरुस्त करण्याचे काम मी पोटासाठी कमी आणि हौसेसाठी जास्त करतो. म्हणूनच 2023 च्या मे महिन्यात वाळूजच्या एका कंपनीत नोकरी करणारा तरुण मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, ही कॅसेट बत्तीस हजारांना मिळते आहे, घेऊ का सांगा," तेव्हा दुकानात बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी माना वर केल्या. कॅसेट म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे पिवळ्या रंगाची, '9999 इन 1' असे छापलेली शे-दीडशे रुपयांची वस्तू येते. मीही हा धंदा त्या पिवळ्या कॅसेटी उघडूनच शिकलो. ओरिजिनल कॅसेट म्हणजे काय, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळले.

फोटोतली कॅसेट 'अर्थबाउंड' या खेळाची होती. हा खेळ जपानमध्ये ऑगस्ट 1994 मध्ये 'मदर 2' या नावाने निघाला आणि जून 1995 मध्ये सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडून खेळायच्या खोक्यासाठी अमेरिकेत विकायला आला. शिगेसातो इतोई या जाहिरातलेखकाने तो लिहिला, आणि त्याची रखडलेली संगणकीय बाजू पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झालेल्या सातोरु इवाता यांनी मार्गी लावली. त्यात तलवारी-राक्षसांऐवजी टोपी घातलेला एक शाळकरी मुलगा बेसबॉलची बॅट घेऊन फिरतो. अमेरिकेत त्या काळी लोकांनी त्याला फारसे विचारले नाही. सुमारे 1,40,000 प्रती खपल्या असे सांगितले जाते. आता ज्याच्या लाखावर प्रती निघाल्या त्याला 'दुर्मीळ' म्हणणे मला पटत नाही. कॅसेटी कमी नाहीत, मागणारे वाढले आहेत, कारण 1999 च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स'मध्ये हाच टोपीवाला मुलगा लढताना दिसला आणि ज्यांनी मूळ खेळ पाहिलाही नव्हता ते त्याच्या शोधाला लागले.

मी त्या तरुणाला पहिलाच प्रश्न विचारला की त्याला हा खेळ खेळायचा आहे की बाळगायचा आहे. खेळायचा असेल तर बत्तीस हजारांची गरज नव्हती. 2017 च्या छोट्या सुपर निन्टेंडोत तो भरूनच येतो, आणि फेब्रुवारी 2022 पासून निन्टेंडोच्या स्विच या नव्या यंत्राच्या वर्गणीतही तो आहे. त्यावर तो जरा ओशाळून म्हणाला, "काका, हॉस्टेलला असताना लॅपटॉपवर मी तो दोनदा संपवला आहे." मग बत्तीस हजार कशाचे, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला ते बरे वाटले. जे लोक 'पुढे भाव वाढेल' असे पटकन उत्तर देतात, त्यांचे काम मी शक्यतो घेत नाही.

कॅसेट परभणीत होती. विकणारे कुटुंब ती कुरिअरने पाठवायला तयार नव्हते आणि फोटोवरून निकाल देण्याची माझी तयारी नव्हती. लेबल कोणीही छापून घेऊ शकतो. मागच्या बाजूच्या लेबलवर कारखान्यात दाबून उमटवलेला एक पुसटसा दोन अंकी आकडा असतो, तो तिरप्या उजेडात दिसतो, फोटोत दिसेलच असे नाही. शिवाय आधी एकदा मी तोंडघशी पडलो होतो. कोणीतरी आणलेली याच खेळाची कॅसेट मी दहा मिनिटे चालवून 'ठीक आहे' म्हणून परत दिली होती. या खेळात नकलेविरुद्ध एक गंमत करून ठेवलेली आहे. कॅसेटमधली स्मृती अपेक्षेपेक्षा वेगळ्या आकाराची आहे असे आढळले, तर खेळ बंद पडत नाही, फक्त शत्रूंची गर्दी वाढवतो. तरीही एखादा चिकाटीने शेवटच्या लढाईपर्यंत पोचलाच, तर खेळ तिथे अडकतो आणि साठवलेले सगळे पुसून टाकतो. ते गिऱ्हाईक दोन महिन्यांनी परत आले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. तेव्हापासून 'चालू होते' हा माझ्या लेखी पुरावा राहिलेला नाही.

रविवारी सकाळी आम्ही रेल्वेने निघालो. माझ्या पिशवीत अमेरिकन बनावटीचा सुपर निन्टेंडो, छोटा एलसीडी टीव्ही, मल्टिमीटर, 3.8 मिलिमीटरचा खास पाना आणि 230 व्होल्टचे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर होता, जो एकटाच एखाद्या पाट्यासारखा जड लागत होता. आपल्यासारखी वीज असलेल्या युरोपात हा खेळ त्या काळी निघालाच नाही, म्हणून अमेरिकन कॅसेट अमेरिकन खोक्यातच लावावी लागते, आणि त्या खोक्याचा अडॅप्टर आपल्या विजेवर थेट लावला तर जळतो. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड करत आम्ही परभणीला उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि फलाटावरची हवा भट्टीतून आल्यासारखी होती. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे म्हणणाऱ्याने हे मे महिन्यात म्हटले नसावे.

घर निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंचे होते. काका इंजिनिअर. 1995 ते 97 अशी दोन वर्षे कंपनीच्या कामासाठी सगळे कुटुंब अमेरिकेत होते आणि ही कॅसेट तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या मुलासाठी घेतलेली होती. तो आता पुण्यात असतो आणि "विकून टाका" म्हणतो. परत आल्यावर पहिल्याच रात्री काकांनी अडॅप्टर भिंतीतल्या प्लगमध्ये घातला आणि फट् असा आवाज होऊन सगळे थंडावले. तो खोका पुढे भंगारात गेला, कॅसेट मात्र खेळाच्या जाड पुस्तकासोबत ट्रंकेत राहिली. अमेरिकेत हा खेळ मोठ्या डब्यात, वाटा सांगणाऱ्या त्या पुस्तकासह विकला जात असे, आणि पुस्तकाच्या शेवटी खरवडून वास घ्यायच्या चिकटपट्ट्या असत. इथे डबा नव्हता, पुस्तकाचे मुखपृष्ठ कसरीने खाल्लेले होते, आणि चिकटपट्ट्यांपैकी शिल्लक असलेली मी नखाने हलकेच खरवडून पाहिली, तर सव्वीस वर्षे ट्रंकेत राहून तिला स्वच्छ डांबरगोळीचा वास येत होता.

मी पाना काढला तशा काकू पुढे सरकल्या. "भाऊ, उघडून काय बघायलाव? तिकडं चांगली चालत होती की."

"काकू, सोने घेताना कस लावतात ना, तसेच आहे हे," असे म्हणून मी वर्तमानपत्र अंथरले. दोन स्क्रू निघाले, मागचे झाकण सुटले. आत धुळीचा पातळ थर, पण मधल्या चिपांवर निन्टेंडोची अक्षरे स्वच्छ वाचता येत होती. बोर्डावर 'एसएचव्हीसी' ने सुरू होणारा क्रमांक होता, मोठ्या चिपेवर 'एसएनएस-एमबी' ही या खेळाची खूण होती, शेजारी खोक्याशी ओळख पटवणारी छोटी चिप होती, आणि सोल्डरचे सगळे डाग कारखान्यातले, एकसारखे, चकचकीत होते. नकलेत इथे काळ्या डांबराचा गोळा तरी दिसतो, नाहीतर आजच्या काळातल्या, तीन व्होल्टवर चालणाऱ्या बारीक पायांच्या चिपा पाच व्होल्टवर रेटलेल्या दिसतात. इथे तसे काहीच नव्हते. मी मान वर करून "ओरिजिनल आहे" एवढेच म्हणालो. तरुणाने सुटकेचा श्वास टाकला, जो भाव करायच्या आधी विकणाऱ्यासमोर टाकायचा नसतो. काकूंनी तो बरोबर टिपला.

राहिला होता सेल. 24 मेगाबिटांची मोठी चिप खेळ स्वतःत कोरून ठेवते, तिला विजेची गरज नसते. पण खेळणारा कुठवर आला हे लिहून ठेवणारी 8 किलोबाइटची दुसरी चिप खोका बंद असताना एका सीआर2032 सेलवर जगते, आणि हा सेल पत्र्याच्या पायांनी बोर्डाला डागलेला असतो. मल्टिमीटरने 2.64 व्होल्ट दाखवले. तीन व्होल्टचा सेल इतका उतरला म्हणजे आज आहे, उद्याचे सांगता येत नाही. कडांवर टाचणीच्या टोकाएवढी पांढरी बुरशीही दिसू लागली होती.

मग कॅसेट लावली. टीव्हीवर तीन कप्प्यांची यादी आली आणि पहिल्या कप्प्यात काकूंच्या मुलाचे नाव रोमन अक्षरांत उभे होते. कप्पा उघडला तेव्हा खेळातला मुलगा स्वतःच्याच घरी टेलिफोनजवळ उभा होता, कारण या खेळात प्रगती साठवायची तर वडिलांना फोन करावा लागतो. वडील अख्ख्या खेळात एकदाही दिसत नाहीत. फोनवर बोलतात, बँकेत पैसे भरतात आणि फार वेळ खेळले की जरा विश्रांती घे म्हणतात. हे मी काकांना सांगितले, तर ते पेपरातून मान न काढता म्हणाले, "माझेही तेच होते, शिफ्ट असायची."

तरुणाने त्या मुलाला आईसमोर नेले. खेळ सुरू करताना आपल्या आवडीचा घरचा पदार्थ कोणता, असे विचारतात, आणि आई तोच करून वाढते. पडद्यावर आईने लेकासाठी जे केले होते ते वाचून आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. त्या इंग्रजी वाक्याच्या मधोमध 'भाकरी' असा शब्द होता.

मला वाटले आता काकू विकायला नकार देणार आणि आमचा रविवार गेला. काकूंनी चष्मा वर करून वाचले आणि हसून म्हणाल्या, "त्याला कुठं आवडायची भाकरी! ताट बाजूला सारायचा. तिकडं ज्वारी मिळायची नाही, म्हणून लिहिलं असेल." आणि लगेच, "मग ह्याच्यात त्याचं नाव आहे, त्याचे काही जास्त मिळतात का?"

मी प्रामाणिकपणे सांगितले की त्याचे काही मिळत नाहीत. भाव मी तोंडी बांधला नाही. लोकांनी इंटरनेटवर मागितलेल्या किमती मी कधीच धरत नाही, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती धरतो. त्यांची यादी माझ्या वहीत होती. त्यातून लेबलाचा फाटका कोपरा, नसलेला डबा, खाल्लेले मुखपृष्ठ आणि बदलावा लागणारा सेल वजा केला. दुसऱ्या बाजूला परदेशातून मागवली असती तर लागणारा टपालखर्च आणि आयातशुल्क होते, आणि पैसे भरण्याआधी ती उघडून पाहता आली नसती, याचीही काही किंमत धरायला हवी होती. माझ्या हिशेबाने 24 ते 25 हजार होत होते. काकू 30 वर आल्या, तरुण 22 वर गेला. चहा झाला, मग पापड-कुरडई झाली, मग काकूंनी इन्व्हर्टरच्या नव्या बॅटरीचा भाव मला विचारला आणि तो ऐकून स्वतःच साडेसव्वीसवर थांबल्या. माझ्या मते हे दीड हजार जास्त होते. मी तसे त्याला बाजूला घेऊन सांगितलेही. तो म्हणाला, "असू द्या काका." त्याने पैसे दिले.

निघताना त्याने काकूंना विचारले की जुना कप्पा पुसला तर चालेल का. सेल काढला की तो जाणारच होता. काकू म्हणाल्या, "पुसा की, त्यात काय?" काका मात्र तेव्हा पहिल्यांदा पेपर खाली ठेवून म्हणाले, "राहत असेल तर राहू द्या."

मंगळवारी दुकानात मी ते काम केले. कॅसेट वाचणाऱ्या यंत्रावर लावून ती 8,192 बाइट दोनदा उतरवून घेतली आणि दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, कारण जुन्या पिना कधी कधी एखादा बाइट खोटा सांगतात. पिना आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या होत्या, तरी पहिल्या खेपेला प्रती जुळल्या नाहीत. पुन्हा पुसून, पुन्हा लावून जुळल्या. मग सेल काढला, बुरशी खरवडली, पाय असलेला नवा सेल डागला, झाकणाच्या आतून त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावली आणि उतरवलेले सगळे परत चिपेत भरले. खोका चालू केला. आई भाकरी घेऊन उभी होती. एक प्रत पुण्याला मुलाच्या ई-मेलवर पाठवली. त्याचे उत्तर आले नाही.

संध्याकाळी तरुण कामावरून थेट आला. पहिला कप्पा तसाच ठेवून त्याने दुसऱ्यात नवा खेळ सुरू केला, नावे भरली, आणि आवडीच्या पदार्थाशी येऊन अडला. त्याला धपाटे लिहायचे होते. खेळ सहा अक्षरांच्या वर घेत नाही. भाकरी रोमन अक्षरांत बरोबर सहात बसते, धपाटे सातात जाते. त्याने बोटांवर दोनदा मोजले, दुकानातल्या दोघांना विचारले, आणि शेवटी 'एच' गाळला.