मध्यंतर कुठे घ्यायचं?

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५. सकाळी साडेआठलाच लॉबीत दोन प्रकारची गर्दी होती आणि दोघीही एकमेकींकडे जरा संशयानंच बघत होत्या. एक 'छावा'वाल्यांची. पिक्चर शुक्रवारी लागणार होता, ॲपवर हव्या त्या सीट मिळेनात म्हणून खिडकीवर आलेली आख्खी कुटुंबं, आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत. दुसरी 'इंटरस्टेलर'वाल्यांची. पाठीला सॅक, डोळ्यांत झोप, आणि दहा वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पिक्चरला आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्यावर शेवटच्या दिवशी गाठण्याची घाई. स्क्रीन एकच. शुक्रवारपासून ती महाराजांची.

मी पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये प्रोजेक्शनला आहे. ओळखपत्रावर हुद्दा काहीही असू दे, स्टाफ मला ऑपरेटरच म्हणतो, आणि मलाही तेच बरं वाटतं. सुरुवात सिंगल स्क्रीनला झाली, रिळांच्या पेट्या जिन्यानं वर चढवण्यापासून. आता पेटीच्या जागी हार्ड डिस्क येते किंवा पिक्चर थेट सर्व्हरवर उतरतो, आणि सोबत येते किल्ली. म्हणजे एक छोटी फाइल, ठरलेल्या तारखेला ठरलेल्या वेळी आमच्याच सर्व्हरवर उघडणारी आणि ठरलेल्या वेळी बंद होणारी. ती संपली की पिक्चर सर्व्हरवर असून नसल्यासारखा.

'इंटरस्टेलर'ची वाट लोक डिसेंबरपासून बघत होते. दहा वर्षं झाली म्हणून बाहेरच्या देशांत तो ६ डिसेंबर २०२४ला पुन्हा लागला. आपल्याकडे आदल्याच दिवशी 'पुष्पा २' आला आणि आयमॅक्सचे पडदे त्याला गेले. त्यावर जे महाभारत झालं त्याचे शिंतोडे आमच्या खिडकीपर्यंत उडाले. एक मुलगा तर रोज यायचा. तिकीट घ्यायचा नाही, फक्त विचारायचा, "काका, पुष्पा कधी उतरणार?" मी तरी काय सांगणार? चालणारा पिक्चर कुणी उतरवतं का? शेवटी ७ फेब्रुवारीची तारीख आली, तीही एका आठवड्यापुरती, आणि बुकिंग उघडल्या उघडल्या मधल्या रांगा लाल झाल्या.

मला गंमत वाटत होती ती वेगळीच. हाच पिक्चर मी नोव्हेंबर २०१४मध्ये चालवला होता. तेव्हा आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत जाऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. ते साडेचारशे कोटींत गेलं आणि हा पिक्चर बनला साडेसोळा कोटी डॉलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या भावानं हजार कोटींच्या घरात. कॅन्टीनच्या रांगेत हाच हिशोब चाललेला असायचा. पिक्चरचा नायक कूपर मक्याच्या शेतातून गाडी दामटत ज्या ड्रोनचा पाठलाग करतो तो भारतीय हवाई दलाचा निघाला की टाळ्या पडायच्या. त्यापुढे मात्र टाळ्यांचं जरा कठीणच होतं. यान फुटतं आणि पडद्यावर काहीच ऐकू येत नाही, कारण अंतराळात आवाज पोचवायला हवा नाही. थिएटरात मात्र "आवाज! आवाज!" म्हणून ओरडा आणि शिट्ट्या. केबिनचं दार कुणीतरी बडवलंसुद्धा होतं. आणि शो सुटल्यावर एक सभ्य गृहस्थ मला शांतपणे म्हणाले होते, "शेवटचा अर्धा तास दुसऱ्याच कुठल्या पिक्चरचा जोडलाय का हो?"

या वेळी त्याच जागी एका माणसानं नाचोज चावला तर चार रांगांतून "शूऽऽ" आलं.

मधल्या काळात काय झालं ते मी केबिनच्या काचेतून सांगू शकत नाही, पण बाहेर उभं राहिलं की कानावर पडतं. २०१४ला शाळेत असलेली पोरं हा पिक्चर मोबाइलवर, लॅपटॉपवर, हॉस्टेलच्या खाटेवर बघत मोठी झाली. २०१७ला या पिक्चरचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळालं. २०१९ला कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र आलं आणि लोकांनी ते पिक्चरमधल्या गार्गँटुआ या कृष्णविवराच्या शेजारी ठेवून बघितलं. रांगेतली एक मुलगी तिच्या वडिलांना समजावत होती की ते कृष्णविवर कुणा चित्रकारानं मनानं रंगवलेलं नाही, थॉर्न यांच्या समीकरणांवरून काढलंय आणि त्यातली एकेक फ्रेम तयार व्हायला शंभर-शंभर तास लागलेत. वडील म्हणाले, "बाई, मला फक्त सांग, शेवटी पोरगी भेटते का?" मागून एक जण म्हणाला, आम्ही हिंगोलीचे, थॉर्नसाहेबांच्या त्या लायगोचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं, भावंड आमच्या औंढ्याजवळ होणार आहे. लगेच त्याला लोकांनी रांगेत पुढे घेतलं. पुणेकरांनी रांगेत कुणाला पुढे घेतल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

तर मुद्दा मध्यंतराचा.

इंग्रजी पिक्चरला मध्यंतर नसतं. बनवणाऱ्यानं ते ठेवलेलंच नसतं. आपण घेतो, कारण आपल्याकडे त्याशिवाय चालत नाही. प्रेक्षकाचं एक वेळ चालेल, कॅन्टीनचं चालत नाही, आणि मल्टिप्लेक्सच्या कमाईतला मोठा वाटा पॉपकॉर्नचा असतो हे काही गुपित नाही. रिळांच्या काळात हे ऑपरेटरच्या हातात असे. पिक्चर आधी एकदा बघायचा, रीळ संपतं त्याच्या जवळपास बरा प्रसंग हेरायचा आणि तिथे पाटी टाकायची. आता प्लेलिस्ट वरच्या ऑफिसातून येते, मध्यंतराची खूण आधीच घातलेली. वेळ भागिले दोन. हा पिक्चर १६९ मिनिटांचा, त्यामुळे खूण पडली पंच्याऐंशीव्या मिनिटाच्या आसपास.

ज्यांनी पिक्चर पाहिलाय त्यांच्या लक्षात आलं असेल. पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथे ही मंडळी अडकतात, आणि यानात परत येतात तोवर घरी तेवीस वर्षं उलटलेली असतात. कूपर बसतो आणि साठलेले निरोप एकामागून एक बघतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, त्याला मूल होतं. आणि ७ फेब्रुवारीच्या शुक्रवारी पहिल्या शोला, कूपरच्या डोळ्यांतून पाणी वाहत असताना, फाट्कन दिवे लागले आणि पडद्यावर समोशाची जाहिरात आली. असा गलका मी सिंगल स्क्रीनला फिल्म तुटल्यावरच ऐकला होता.

वर कळवलं, उत्तर आलं नाही. शनिवार-रविवारची तोबा गर्दी, कुणाला सवड नव्हती. आठवडाभर गलका होत राहिला. गुरुवारी सकाळचा शो सुटला तेव्हा सात-आठ मुलं-मुली थेट ड्यूटी मॅनेजरकडे गेली. भांडायला नाही, अगदी अर्ज लिहून. म्हणणं एकच, आज शेवटचा दिवस आहे, मध्यंतर काढूनच टाका, आम्ही पॉपकॉर्न आधीच घेतो. कॅन्टीनचा मॅनेजर तिथेच होता. तो म्हणाला, "तुम्ही घ्याल. बाकीच्या अडीचशे लोकांचं काय?" त्याचंही बरोबर होतं. त्या दिवसांत शहरात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) धास्ती होती, लोक कूलरचं पाणी पीत नव्हते, बाटल्या मात्र धडाधड खपत होत्या, आणि त्याचा बराचसा धंदा त्या दहा मिनिटांतच व्हायचा.

मॅनेजरनं वर फोन लावला. या वेळी उत्तर मिळालं : इंटरव्हल हवाच, कुठे घ्यायचा ते तुमचं तुम्ही बघा. त्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

दोन शोंच्या मध्ये अर्धा तास होता. सफाईची माणसं खाली सीटखालचे कप गोळा करत होती आणि मी वर पिक्चर पुढे-मागे करत बसलो. निरोपांच्या आधी तोडावं का? म्हणजे तेवीस वर्षं गेली एवढं कळतं तिथे. पण मग लोक हातात समोसा घेऊन परत येणार आणि पुढचा प्रसंग खात खात बघणार. नको. निरोपांच्या नंतर? तिथे एक अडचण आहे. शेवटचा निरोप कूपरच्या मोठ्या झालेल्या मुलीचा, मर्फचा, ती कॅमेरा बंद करते आणि पिक्चर तिथूनच तिच्या बाजूला उडी मारतो. मध्ये काळी चौकट नाही, श्वास घ्यायला जागाच नाही. चिमटीत धरावा असा एक कट आहे, बस. असिस्टंट पोरगा म्हणाला, "सर, तिथे चार फ्रेम इकडेतिकडे झाल्या तर पुढचं वाक्य कापलं जाईल." मी ती जागा परत परत चालवून वेळ टिपली, खूण तिथे हलवली. दुसरं एक केलं. मध्यंतराला दिवे पूर्ण लावायची आज्ञा असते, ती काढून निम्म्यावर आणली, तेही हळूहळू चढणारे. आणि समोशाची जाहिरात तीस सेकंद मागे ढकलली.

जाता जाता एक्झिटच्या दाराकडेही बघून घेतलं. संगीत लंडनच्या टेंपल चर्चमधल्या ऑर्गनवर वाजवलेलं आहे, आणि तो ऑर्गन खालच्या सुरात गेला की सीट तर हलतातच, पण त्या दाराचा आडवा दांडा टरटर वाजायचा. दार उघडायला अडू नये अशा बेतानं पट्टीखाली फोमची टेप लावली. आवाज मोठा आहे, संवाद ऐकू येत नाहीत, ही तक्रार या पिक्चरला २०१४पासून जगभर आहे, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. दांड्यावर होता.

दुपारच्या शोला मी काचेशी उभा राहिलो. मर्फनं हात पुढे केला, कॅमेरा बंद झाला, आणि पडदा मिटला. गलका नाही. दिवे चढायला लागले, निम्म्यावर थांबले. आणि कुणीही उठेना. अशी दीड-दोन मिनिटं गेली असतील. नंतर लक्षात आलं, लोक डोळे पुसत होते आणि शेजाऱ्यानं बघू नये म्हणून पुढेच बघत बसले होते. बारावीचा एक मुलगा आईबरोबर आला होता, शोच्या आधी ती डोअरकीपरला सांगत होती, "फिजिक्सचा पेपर व्हायचाय अजून, पण ऐकेल तर शपथ." आता तो तिला रुमाल देत होता.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर कॅन्टीन : "ऑपरेटर, इंटरव्हल झालाय ना? माणसं कुठायत? सगळा पॉपकॉर्न काढून बसलोय!"

"येतील," म्हटलं. "रडतायत."

"आँ?"

आले, पण उशिरा आले आणि सगळे एकदम आले, त्यामुळे काउंटरवर झुंबड उडाली आणि मध्यंतर पंधरा मिनिटांवर गेलं. मॅनेजरचा पुढचा शो घसरला. संध्याकाळी तेच, रात्री तेच. धंदा कमी झाला नाही, फक्त सरकला. कॅन्टीनवाला तरीही रात्रीपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.

शेवटचा शो सुटला तेव्हा श्रेयनामावली पूर्ण सरकेपर्यंत बहुतेक जण बसून होते. डिसेंबरपासून रोज येणारा तो मुलगाही होता. खाली लॉबीत मुरारबाजीच्या थाटात तलवार पेललेला एक फॅन 'छावा'च्या पोस्टरपुढे फोटो काढून घेत होता. काहींनी तर पहाटेपासूनच यायचं ठरवलं होतं. आमच्या स्टाफमधल्या पोरानं त्या रोज येणाऱ्या मुलाला सहज विचारलं, "काय दादा, उद्या तुम्ही पण?" तो म्हणाला, "सकाळचा शो. आईबरोबर." मी वर 'छावा'ची किल्ली तपासत होतो. १६१ मिनिटं, आणि मध्यंतर आयतंच ठेवलेलं.

'इंटरस्टेलर' महिन्याभरानं, १४ मार्चला, परत लागला. नेमकी धुळवड. दारावरच्या पोरांना सांगितलेलं होतं, ओला रंग दिसला की आत सोडायचं नाही, सीटचे डाग निघत नाहीत. दुपारी कॅन्टीनचा मॅनेजर स्वतः जिना चढून केबिनमध्ये आला. गालाला गुलाल तसाच होता.

"त्याच जागी ना?" त्यानं विचारलं. "मग मशीन दोन मिनिटं उशिरा लावतो."